असोद्याची काळी आणि आंधळा कारभार

जळगाव शहराच्या सीमेला टेकलेला असोदा हा गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे तो बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून. 1880 साली येथे जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीच्या शब्दांना ज्या मातीने बळ दिले, ती तापीकाठची खोल, काळी, चिकण माती आज या जिल्ह्यात ब्रासच्या भावाने विकली जाते, भूखंडांच्या कुंपणात कोंडली जाते आणि खोल कूपनलिकांच्या क्षारयुक्त पाण्याने मारली जाते. 2018 मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देऊन राज्यकर्त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली, हे उत्तमच झाले. नाव फलकावर चढले. माती डंपरमध्ये चढली.

या जमिनीविषयीचे बहुतेक शासकीय निर्णय तिची साधी ओळखही न करून घेता झालेले आहेत, म्हणून ती ओळख येथे करून देणे भाग आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग आणि मधोमध पश्चिमेकडे वाहणारी तापी, असा हा खचदरीचा प्रदेश. अजिंठ्याच्या पायथ्याशी जमीन वीतभर-हातभर खोल, मुरमाड, बरड. तेथून उत्तरेकडे, तापीच्या दिशेने उतरत आले की थर जाड होत जातो, रंग गडद होतो, खडे नाहीसे होतात आणि असोदा-भादलीच्या शिवारात पोहोचेपर्यंत नांगराच्या फाळाला दगड लागेनासा होतो. वरच्या उतारांवर झिजलेल्या काळ्या पाषाणाचा सूक्ष्म कण सहस्रावधी वर्षे पाण्याबरोबर खाली आला, सखल भागात साचला आणि ओल्या-कोरड्या ऋतूंच्या अखंड आवर्तनांतून त्याची ही काळी घडली. ती निर्माण करण्याची योजना कोणत्याही पंचवार्षिक आराखड्यात बसणारी नाही. तिचा विध्वंस मात्र एका उन्हाळ्यात, एका यंत्राने आणि एका परवान्यावर होऊ शकतो.

या मातीत चिकण कणांचे प्रमाण साधारण 40 ते 60 टक्के असते, आणि हे कण मॉन्टमोरिलोनाइट कुळातील म्हणजे पाणी शोषले की फुगणारे, वाळले की आक्रसणारे असतात. जळगावचा पारा 45 अंशांवर गेला की मे महिन्यात या शेतांना चार-चार बोटे रुंद भेगा पडतात. काही इतक्या खोल की वखराची दांडी आत सोडली तरी तळ लागत नाही. परक्याला हे दुष्काळाचे चित्र वाटते. वास्तविक ही जमिनीची पुढच्या पावसाची तयारी असते. मृगाचे पहिले जोरदार पाणी पृष्ठभागावर न थांबता या भेगांतून थेट खोल उतरते आणि जमीन तळापासून वर भिजत येते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर जमिनीचे दार जवळजवळ बंद होते. तासाला जेमतेम काही मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी पाणी आत शिरते. बाकीचे साचते किंवा वाहते. पाऊस लांबला की पीक पिवळे पडते, औत घालावे तर बैलाचे खूर रुततात. उघडीप लांबली की तीच जमीन दगडासारखी कठीण होते. या दोहोंमधला वाफसा फार थोड्या दिवसांचा. खानदेशातील शेतकऱ्याने वखराच्या पाळ्या, उताराला आडवी पेरणी, बांध आणि चर यांची जी घडी बसवली होती, ती ही अडचण ओळखूनच बसवली होती.

आता पाण्याचा ताळेबंद मांडू. जळगावात वर्षाकाठी पडणारा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतांशी चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत. उलट येथील ऊन आणि वारा मिळून जमिनीकडून व पिकाकडून वर्षभरात मागतात ते पाणी याच्या दुपटीहून अधिक. म्हणजे हा प्रदेश मुळातच तुटीचा. ही तूट शतकानुशतके भरून काढली ती धरणाने नव्हे आणि कालव्यानेही नव्हे. ती भरून काढली काळीच्या खोलीने. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे 150 ते 250 मिलिमीटर पाणी मावते. हेक्टरभर क्षेत्रावर एक मिलिमीटर म्हणजे 10,000 लिटर. मध्यम आकडा धरला तरी प्रत्येक हेक्टराच्या पोटात 20 लाख लिटरांचा साठा होतो. त्यासाठी भूसंपादन नाही, निविदा नाही, वीजबिल नाही; आणि बहुधा म्हणूनच त्याची कोणत्याही खात्यात नोंद नाही.

या साठ्यावर दादर पिकत आली. पाऊस ओसरता ओसरता पेरायची, पुढे पाण्याची एक पाळीही द्यायची नाही आणि केवळ जमिनीत मुरलेल्या ओलीवर थंडीभर वाढू द्यायची, अशी ही खानदेशची रब्बी ज्वारी. माणसाला भाकरी, जनावराला कडबा. कापसाची मुळे याच ओलीमागे खोल जातात आणि झाडे पावसाचा तीन आठवड्यांचा खंड सोसून उभी राहतात. असोद्याची भरिताची वांगी हिवाळ्यात ज्या दिमाखाने बाजारात येतात, त्यामागेही हीच जमीन आहे. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे सत्कार झाले. मानांकन हा भूगोलाचा सन्मान असतो. भूगोलच उचलून नेला तर त्या प्रमाणपत्राची किंमत काय उरते, हे सत्कारसमारंभात कोणी विचारले नाही.

उचलून नेणे हा शब्द येथे अतिशयोक्तीने वापरलेला नाही. वीटभट्ट्या, रस्त्यांचे भराव, नव्या वसाहतींची भरणी, बागा आणि रोपवाटिका या सर्वांना माती लागते आणि ती शेतातून येते. कर्जाने किंवा लग्नकार्याने अडलेल्या शेतकऱ्याला सांगितले जाते की वरचा फूटभर थर दिला तर पैसेही मिळतील आणि शेत सपाटही होईल. त्या फूटभराचा हिशेब त्याला कोणी सांगत नाही. हेक्टरभर क्षेत्रावरील 30 सेंटिमीटरचा थर म्हणजे सुमारे 4,000 टन माती. त्याबरोबर पाच-सहा लाख लिटर पाणी धरण्याची क्षमता दरवर्षीसाठी, कायमची जाते. सेंद्रिय कर्बाचा मोठा वाटा वरच्याच थरात असतो, तोही जातो. खाली उघडा पडतो तो चुनखडीच्या खड्यांचा, घट्ट, जिवाणूंनी ओस असा थर. त्यात खतांचे कितीही डोस ओतले तरी पूर्वीचे पीक येत नाही. शेत सपाट होते हे खरे. संसारही त्याच मापाने सपाट होतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 मधील कलम 48(7) अन्वये विनापरवाना उत्खननासाठी बाजारमूल्याच्या पाच पटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण परवाना काढला आणि स्वामित्वधन भरले की तोच प्रकार वैध ठरतो, मग ती माती नाल्याकाठची असो की खोल काळ्या जमिनीच्या उरातली. कायद्याच्या लेखी दोन्ही गौण खनिज. शासन येथे केवळ पहारेकरी नाही, लाभार्थीही आहे. यातला खरा विनोद पुढे आहे. 2017 पासून हेच शासन गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राबवते. शेतातून वाहून धरणात गेलेली माती सार्वजनिक खर्चाने उपसून पुन्हा शेतात टाकायची, असा तिचा हेतू. आणि हेतूत खोट नाही. एका खात्याने माती शेतात आणण्यासाठी अनुदान द्यायचे आणि दुसऱ्याने ती शेताबाहेर नेण्यासाठी पावती फाडायची, हा कारभार मात्र ज्या डोक्यातून निघाला त्या डोक्याचेच मृदापरीक्षण करावे लागेल.

शहराचे आक्रमण याहून गंभीर, कारण ते परतीचे नाही. जळगाव 2003 मध्ये महानगरपालिका झाले आणि गावांची पांढरी, म्हणजे वस्तीची जमीन, चहूबाजूंनी काळीवर चालून आली. बिनशेतीची वाट महसूल अधिनियमातील दुरुस्त्यांनी अधिकाधिक सुकर केली. विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. घरे हवीत, रस्तेही हवेत. परंतु फुगणारी-आक्रसणारी ही जमीन पिकासाठी जितकी उत्कृष्ट, तितकीच इमारतीसाठी निकृष्ट आहे. नव्या घराच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी चीर उतरते, फरशी मध्येच उचलते, दोन पावसाळ्यांत डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. या वसाहतींतील रहिवाशांना हे सांगावे लागत नाही. म्हणून बांधणारे काय करतात, तर आधी काळी उपसून फेकतात आणि अजिंठ्याच्या पायथ्याचा मुरूम विकत आणून तिच्या जागी भरतात. घरे ज्यावर भक्कम उभी राहिली असती ती बरड, मुरमाड जमीन याच जिल्ह्यात दक्षिणेला पडून आहे. नगररचनेच्या नकाशात रस्त्याची रुंदी असते, आरक्षणाचे रंग असतात; मातीच्या खोलीचा रंग नसतो. असता, तर एवढी महाग मूर्खता इतक्या स्वस्तात मंजूर झाली नसती.

त्यातच निचऱ्याचा गळा आवळला जात आहे. या सखल पट्ट्यातले पाणी दक्षिणेकडून उत्तरेकडे, लहान-मोठ्या नाल्यांनी, तापीकडे जाते. त्या वाटेत आडवे पडलेले महामार्गाचे भराव, तोकड्या मोऱ्या, बुजवलेले चर आणि भूखंडांच्या भिंती यांमुळे शेतात पाणी तुंबते. आधीच बंद दाराच्या या जमिनीत आठ दिवस पाणी साचले की मुळे गुदमरतात. वर्षानुवर्षे साचत राहिले की भूपृष्ठाजवळ आलेल्या पाण्याबरोबर क्षार वर चढतात, आणि येथून ज्या संकटाचा आरंभ होतो त्याचे नाव उच्चारायला आपली यंत्रणा अद्याप तयार नाही.

त्या संकटाचे नाव आहे चोपण. ते समजून घेण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळणाऱ्या पूर्णेच्या काठाने वर, बुलढाणा-अकोला-अमरावतीकडे जावे. तेथील खारपाण पट्ट्यात अशीच खोल काळी जमीन आहे आणि तेथे विहिरीचे पाणी जनावरही तोंडात धरत नाही. नागपूर येथील राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन केंद्राने आणि विदर्भातील शास्त्रज्ञांनी पूर्णेच्या खोऱ्यात केलेल्या अभ्यासातून ही प्रक्रिया स्पष्ट झाली आहे. कोरड्या हवामानात जमिनीतील चुना खड्यांच्या रूपाने गोठत जातो, मातीच्या कणांना बांधून ठेवणारा कॅल्शियम त्यामुळे घटतो आणि त्याची जागा सोडियम घेतो. सोडियमने कण एकमेकांपासून सुटतात, सूक्ष्म रंध्रे बुजतात, पाणी खाली उतरणे थांबते. पाणी उतरत नाही म्हणून खालची जमीन अधिक कोरडी राहते. कोरडी राहते म्हणून चुना अधिक गोठतो. विनाशाने स्वतःच स्वतःला पोसण्याचे इतके नेटके उदाहरण निसर्गात क्वचित सापडेल. विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण 15 टक्क्यांच्या पुढे गेले म्हणजे जमीन चोपण, असा पुस्तकी दंडक आहे. या काळ्या जमिनींत मात्र ते 5 टक्क्यांच्या पुढे सरकले तरी पाण्याची वाट बिघडते आणि कापसाचे उत्पन्न घसरते, असे त्याच अभ्यासांनी दाखवले. म्हणजे कागदावर निरोगी ठरलेली जमीन शेतात आजारी पडलेली असू शकते.

पूर्णेकाठी हे मुख्यतः निसर्गाने घडवले. तापीकाठी तेच आपण स्वहस्ते, घाईघाईने घडवू पाहत आहोत. महाराष्ट्राच्या केळीतील निम्म्याहून अधिक केळी जळगाव जिल्हा पिकवतो आणि त्या वैभवाचा पाया भूजल आहे. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी आज कित्येक वर्षे ओळखले जातात. विहिरी आटल्या, कूपनलिका आल्या. कूपनलिका आटल्या, त्याहून खोल कूपनलिका आल्या. खोलवर दीर्घकाळ अडकून पडलेले पाणी अनेक ठिकाणी सोडियम व बायकार्बोनेट घेऊन वर येते, आणि बायकार्बोनेट जमिनीतला उरलासुरला कॅल्शियम चुन्यात गोठवते. ठिबकने पाण्याची बचत झाली, यात वाद नाही. पण वाईट पाणी थेंबाथेंबाने दिले म्हणून चांगले होत नाही. उलट निचरा नसलेल्या जमिनीत क्षार मुळांच्या भोवतालीच साठत जातात. सातपुड्याच्या पायथ्याशी पुनर्भरण करण्याच्या तापी महापुनर्भरण प्रकल्पाचा महाराष्ट्र-मध्य प्रदेश करार मे 2025 मध्ये झाला. प्रकल्प व्हावा, लवकर व्हावा. परंतु त्याच्या पाण्याची वाट पाहत असताना प्रत्येक हेक्टराच्या पोटातील 20 लाख लिटरांचा तयार जलाशय फोडत राहणे, याला दूरदृष्टी म्हणणारे लोक कोणत्या शाळेत शिकले, याची चौकशी झाली पाहिजे.

शेतकऱ्यालाही येथे पाठीशी घालता येत नाही. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि त्याखाली रखडत असताना फरदडीनंतर उपटलेली पऱ्हाटी बांधावर पेटवली जाते, केळीचे खांब नाल्यात आणि रस्त्याच्या कडेला ढकलले जातात. ओल्या रानात जड ट्रॅक्टर घालून रोटाव्हेटरच्या खाली घट्ट तवा बसवणे, हे यांत्रिकीकरणाच्या नावाखाली सर्रास चालते. बांध तर कोरून कोरून वीतभर उरले आहेत; भाऊबंदकीत जिंकलेली ती वीत पावसाळ्यात नाल्याने वाहून जाते.

उपाय अज्ञात असते तर हा लेख विलाप ठरला असता. ते अर्धशतक ज्ञात आहेत. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने 1976 पासून काळ्या जमिनीवर चालवलेल्या दीर्घकालीन प्रयोगात पारंपरिक पद्धतीच्या शेतातून वर्षाला सरासरी 220 मिलिमीटर पाणी व हेक्टरी 6.6 टन माती वाहून जात होती. रुंद वरंबा-सरी, निचऱ्याची गवताळ वाट आणि दुहेरी पीक या पद्धतीने तेच आकडे 91 मिलिमीटर आणि दीड टनाच्या आसपास आले, आणि धान्याचे उत्पादन चौपटीहून वाढले. रुंद वरंबा-सरीचे पेरणी यंत्र आपल्या कृषी विभागाला नवे नाही; प्रात्यक्षिके होतात, छायाचित्रे येतात. प्रात्यक्षिकाच्या शेजारचे शेत कोरडे राहते.

आणि निदान? 2015 पासून वाटल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. काळ्या जमिनीचे जगणे-मरणे ज्यावर ठरते ते विनिमययोग्य सोडियमचे प्रमाण त्यात नाही. थराची खोली नाही. पाणी मुरण्याचा वेग नाही. जी पत्रिका खताची मात्रा सांगते, ती जमीन पाणी पिते की नाही हे सांगत नाही.

याकडे पाठ फिरवली तर काय होईल, याची मांडणी कल्पनेवर सोडण्याची गरज नाही, क्रम ठरलेला आहे. ओल धरणारा थर गेला की दादर प्रथम जाते, तिच्यामागे कडबा आणि कडब्यामागे दावणीची जनावरे. जनावरे गेली की शेणखत थांबते आणि कर्ब आणखी खाली येतो. खंड सोसणारा कापूस पाण्याच्या पाळ्या मागू लागतो. त्या पाळ्यांसाठी कूपनलिका खोल जाते, सोडियम वर येतो, जमीन पाणी पिणे सोडते. आकाशातून पडलेले पाणी मग शेतात थांबत नाही. जे पाणी काळीने चार महिने धरून ठेवायचे, ते चार तासांत नाल्यांतून गावात आणि शहराच्या सखल वस्त्यांत शिरते. त्याबरोबर माती जाते. तापीकाठच्या भुसभुशीत गाळात जागोजाग कोरलेल्या घळी अशाच पाण्याने खणल्या आहेत, आणि त्या दरसाल शेतांकडे सरकतात. पूर्णेच्या खोऱ्यातून आलेल्या गाळाने हतनूरचा जलाशय ग्रासला. असोद्याखालची माती त्याहून पुढे, गुजरातेत उकाई धरणाच्या तळाशी जाऊन बसेल. मग हेक्टरी काही टन जिप्सम, निचऱ्याच्या नळ्या, जनावरांच्या छावण्या, टँकर आणि नुकसानभरपाईची पॅकेजे, असा खर्च सुरू होईल. तो जिल्हा नियोजनाच्या कोणत्याही निधीला पेलणारा नाही, आणि पेलला तरी त्यातून एक इंच काळी तयार होणार नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. मीटरभराहून खोल काळ्या जमिनीचे गट नंबरनिहाय नकाशे महसूल आणि कृषी विभागाने एकत्र बसून जाहीर करावेत. मूळ सर्वेक्षणे उपलब्ध आहेत, ती कपाटातून काढावी लागतील एवढेच. त्या गटांत माती उत्खननाचा परवाना सरसकट बंद व्हावा. शहराच्या वाढीची दिशा ठरवताना नगररचना विभागाने दक्षिणेच्या मुरमाड जमिनीला प्राधान्य द्यावे आणि उत्तरेच्या काळीत बिनशेती हा अपवाद करावा. महामार्गाच्या भरावांखालच्या मोऱ्यांचे पावसाळ्यापूर्वी मोजमाप व्हावे. मृदा पत्रिकेत विनिमययोग्य सोडियम या तेराव्या घटकाची भर केंद्राच्या आदेशाची वाट न पाहता जिल्ह्याने घालावी. कृषी विद्यापीठाची संशोधन केंद्रे जळगावातच आहेत. कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी झाल्याशिवाय सिंचनाचे कोणतेही अनुदान मिळू नये, हे कटू वाटेल, पण ते आवश्यक आहे.

मार्च ते मे या महिन्यांत, जमीन कोरडी आणि भेगाळलेली असताना, उत्खननयंत्रे शिवारात उतरतात. त्याआधी संरक्षित गटांची यादी प्रत्येक तहसील कार्यालयाच्या फलकावर लागली पाहिजे. ती लागली नाही, तर येणाऱ्या पावसाळ्यात त्या शेतांतून जे वाहून जाईल त्याचे खापर निसर्गावर फोडता येणार नाही. कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला कोणाची सही झाली, हे गावे विचारतील आणि त्याचे उत्तर नावानिशी द्यावे लागेल.